ऐश्वर्य आणि कारुण्य

संजय लीला भन्साळी यांचा ‘देवदास’ २००२ साली पडद्यावर आला, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही त्याच्याविषयी जे मत त्या वेळी रूढ झाले ते अद्याप जसेच्या तसे कायम आहे, आणि एखाद्या लोकप्रिय कादंबरीवरून काढलेला नवा खर्चिक व अश्रुपूर्ण चित्रपट निघाला की त्याच्या समर्थनार्थ तेच मत सनदेसारखे पुढे केले जाते. ते मत थोडक्यात असे : शरच्चंद्रांची कादंबरी मुळातच भावविवश आहे, तीत नायकाचे दुःख पराकोटीचे आहे, आणि पराकोटीचे दुःख दाखवावयाचे तर साधनेही पराकोटीचीच हवीत. पडद्यावरचे महाल, रंगीत काचा, हजारो दिवे आणि भरजरी वस्त्रे हा डामडौल नसून पात्रांच्या अंतःकरणातील वादळाचेच ते दृश्य रूप आहे. शिवाय चित्रपट ही स्वतंत्र कला असल्यामुळे तिला कादंबरीच्या मापाने मोजणे हा अरसिकपणा होय. आणि सर्वांत शेवटी, लोक रडले, कानच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, ऑस्करसाठी भारताने तोच पाठवला, पुरस्कारांची रास पडली. इतके झाल्यावर तक्रार ती कसली?

हे मत मला सर्वस्वी चुकीचे वाटते, आणि एरवी तारतम्याने बोलणारी सुशिक्षित माणसेही ते ज्या सहजपणे उच्चारतात त्याचा मनापासून संताप येतो. कारण प्रश्न एका चित्रपटाच्या गुणदोषांपुरता नाही. कारुण्य कशातून उत्पन्न होते, दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन का हलते, या मूलभूत गोष्टीविषयीच या मताने एक खोटी समजूत रूढ केली आहे. म्हणून त्यातील एकेक मुद्दा वेगळा काढून तपासणे प्राप्त आहे.

प्रथम स्वातंत्र्याचा मुद्दा. रूपांतरकाराला मुभा असते, हे नाकारतो कोण? ‘देवदास’च्या बाबतीत तर ही मुभा जितकी घेतली गेली तितकी क्वचितच दुसऱ्या भारतीय कादंबरीच्या वाट्याला आली असेल. नरेश मित्र यांचा मूकपट १९२८ सालचा. प्रमथेश बरुआ यांनी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी १९३५ साली तो बंगालीत काढला आणि स्वतःच नायक झाले, पाठोपाठ सैगल यांना घेऊन हिंदीत काढला. १९५३ साली अक्किनेनी नागेश्वर राव यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये तीच भूमिका केली. आणि १९५५ साली, बरुआंच्या चित्रपटाचे छायाचित्रण ज्यांनी केले होते त्याच बिमल रॉय यांनी दिलीपकुमारला घेऊन पुन्हा हिंदीत तो काढला. यांपैकी कोणीही कादंबरीची नक्कल करीत बसले नाही. बरुआंनी आगगाडीत ग्लानीत पडलेल्या देवदासची हाक आणि दूर सासरी ठेच लागून पडणारी पार्वती ही दोन दृश्ये एकमेकांना भिडवली. हे कागदावर साधण्यासारखे नव्हतेच. बिमल रॉय यांनी पार्वती आणि चंद्रमुखी यांची एक ओझरती गाठ घालून दिली : एकीची पालखी चालली आहे, दुसरी रस्त्याने पायी येते आहे, दोघी एकमेकींकडे पाहतात आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने जातात. कादंबरीत ही भेट नाही. तरीही ती पाहताना शरच्चंद्रांचा वाचक हरकत घेत नाही, कारण दोन स्त्रिया, एक पुरुष आणि तिघांनाही कधी ओलांडता न येणारे सामाजिक अंतर हे कादंबरीचे मर्मच त्या निःशब्द क्षणात एकवटलेले आहे.

याच दोन स्त्रियांना भन्साळी दुर्गापूजेच्या उत्सवात एकत्र आणतात आणि सारख्या साजशृंगारात एकत्र नाचवतात. नृत्य उत्तम आहे. सरोज खान यांची रचना आणि माधुरी दीक्षित यांचे पदलालित्य यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण मुभा घेतली ती कशासाठी, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे की नाही? जमीनदाराची पत्नी आणि कोठ्यावरची नर्तकी यांच्यामधले जे अंतर शरच्चंद्रांनी इतक्या वेदनेने दाखवले, ते गाण्यापुरते पुसले जाते आणि गाणे संपताच कालीबाबू नावाच्या खलपुरुषाच्या तोंडून पुन्हा उभे केले जाते. म्हणजे जे अंतर समाजाने निर्माण केले होते, ते एका दुष्ट माणसाच्या चहाडीचे फळ ठरते. हे स्वातंत्र्य कलेला उपयोगी पडले असे म्हणणाऱ्याने कलेचा कोणता लाभ झाला ते दाखवून द्यावे. नाचाचा लाभ झाला, एवढे मी कबूल करतो.

आता मुख्य मुद्दा, की मोठ्या दुःखाला मोठे वैभव हवे. या विधानाची रुजुवात कादंबरीच्याच पानांवर करून पाहावी. शरच्चंद्रांचे गाव तालसोनापूर. तिथे पंतोजींची शाळा आहे, बांबूचे बेट आहे, त्यात लपून हुक्का ओढणारा एक हूड मुलगा आहे, आणि त्याचा मार खाऊनही त्याच्यासाठी खाऊ नेणारी शेजारची मुलगी आहे. त्यांच्या बालपणातील एक प्रसंग असा : देवदासने पार्वतीजवळ तीन रुपये ठेवायला दिलेले असतात आणि ती ते गात गात भिक्षा मागणाऱ्या तीन वैष्णवींना देऊन टाकते. तीनही कशाला दिलेस, असे तो विचारतो. तिचे उत्तर असे, की त्या तिघी होत्या, दोन रुपये त्यांनी वाटून कसे घेतले असते? आपण दोनच दिले असते असे सांगून तो प्रत्येकीच्या वाट्याला किती आणे आणि किती गंडे आले असते याचा हिशेब मांडतो, आणि तुमच्याइतके गणित त्यांना कुठे येते, असे ती म्हणते. दोन मुलांचा सारा स्वभाव, तिचे निःशेष देणे आणि त्याचे हिशेबात अडकणे, या तीन रुपयांच्या व्यवहारात आले आहे. पुढे जे होणार त्याचे बीज इथे आहे : ती सर्वस्व घेऊन त्याच्या दाराशी येईल, आणि तो त्या वेळीही लोक काय म्हणतील, वडील काय म्हणतील, याचा हिशेब करीत बसेल.

सुमारे ५० कोटी रुपये खर्चून, त्या वेळेपर्यंतचा सर्वांत महागडा हिंदी चित्रपट म्हणून ज्याची जाहिरात झाली, त्या चित्रपटाला हे तीन रुपये सापडत नाहीत, आणि सापडले असते तरी त्या झगमगाटात दिसले नसते. लहान गोष्टीच्या लहानपणातच तिची दाहकता असते. शरच्चंद्रांच्या गावात दोन घरे भिंतीला भिंत लागून आहेत आणि लग्न मोडते ते नेमक्या याच दोन कारणांनी : पार्वतीचे घराणे मुलीचे पैसे घेणारे, आणि त्यातून शेजारचे. इतक्या क्षुल्लक कारणावरून, इतक्या थोड्या अंतरावर, दोन आयुष्ये नासतात; वाचकाच्या जिव्हारी लागते ते हे. अपमानित झालेला बाप हट्टाला पेटून आठवड्याभरात चाळिशीचा विधुर जमीनदार शोधून आणतो, हेही किती ओळखीचे! मराठी वाचकाने आपल्याच गावात, आपल्याच आळीत अशी लग्ने मोडताना आणि जुळताना पाहिली आहेत. म्हणूनच मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले तेव्हा ते इथे परके वाटले नाहीत. हीच दोन घरे जेव्हा समोरासमोरचे राजवाडे होतात, नायक कलकत्त्याऐवजी लंडनहून दहा वर्षांनी परततो, तेव्हा अंतर वाढते, खर्च वाढतो, आणि दुःख मात्र आपल्या आळीतून उठून अशा कुठल्या तरी प्रदेशात जाऊन बसते जिथे कोणाचेच घर नाही.

चंद्रमुखीचे उदाहरण याहून बोलके आहे. कादंबरीतील चंद्रमुखी देवदासच्या तिरस्काराने हलते, आपला धंदा सोडते, चीजवस्तू विकते आणि अशथझुरी नावाच्या खेड्यात एका मातीच्या घरात जाऊन राहते. गावातील गरजूंना पैसे देते आणि व्याज घेत नाही. पुढे देवदासची वार्ता काढण्यासाठी ती तालसोनापूरला पायी जाते आणि शेवटी त्याच्या शोधात पुन्हा कलकत्त्यात येते, आणि रस्त्याच्या कडेला पडलेला तो तिला सापडतो. भारतीय कथासाहित्यात एका गणिकेच्या त्यागाचे इतके शांत, इतके निगर्वी चित्र थोडेच असेल. चित्रपटातील चंद्रमुखी कृत्रिम जलाशयाकाठच्या दिव्यांच्या महालात राहते. नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो महाल असा उभारला आहे की त्यांच्या कारागिरीपुढे मान लवावी. पण ज्या पात्राच्या जीवनाचा अर्थच महाल सोडण्यात आहे, तिला महालात कायम करणे म्हणजे तिला तिच्या कथेतूनच बेदखल करणे नव्हे काय? पार्वतीचीही तीच गत. घरात आलेली तरुण सावत्र आई पाहून धुमसणाऱ्या विवाहित सावत्र मुलीच्या, यशोदेच्या, अंगावर ती स्वतःचे दागिने एकामागून एक चढवते आणि आपण उघड्या हातांनी उभी राहते, असा प्रसंग शरच्चंद्रांनी लिहिला आहे. पडद्यावरच्या पार्वतीच्या अंगावर मात्र प्रत्येक दृश्यात नवे अलंकार चढतात. दागिने उतरवल्याने जिची थोरवी कळते, तिच्यावर ते चढवून तिच्या अंतःकरणाचे दृश्य रूप कसे काय साधते?

तिसरा युक्तिवाद सर्वांत हुशारीचा आहे. मूळ कादंबरीच सामान्य, लेखकाने विशी-पंचविशीत लिहिलेली, कित्येक वर्षे बासनात पडून राहिलेली आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेली एक भावविवश कथा. मग तिची विटंबना झाली असा आक्रोश कशाला, असे विचारले जाते. कादंबरी तरुणपणीची आहे हे खरे, तीत अश्रू पुष्कळ आहेत हेही खरे. पण त्या अश्रूंच्या मागे एक कठोर न्यायबुद्धी जागी आहे, आणि चित्रपटाने नेमकी तीच काढून टाकली. शरच्चंद्रांच्या कथेत खलपुरुष नाही. बाप कुळाभिमानी आहे, आई दुबळी आहे, भाऊ-भावजय स्वार्थी आहेत. पण यांपैकी कोणीही देवदासचा हात धरून ठेवलेला नाही. मध्यरात्री पार्वती एकटी त्याच्या खोलीत येते, आपली लाज त्याच्या स्वाधीन करते, आणि तो दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला निघून जातो व तिथून पत्र लिहून तिला नाकारतो. ते पत्र त्यानेच लिहिले. पुढे पश्चात्ताप होऊन परत आल्यावर तिने मानीपणाने उत्तर दिले तेव्हा मासे धरण्याच्या गळाची काठी तिच्या कपाळावर त्यानेच मारली. या दोन कृत्यांचा दोष लेखक दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही. दारू, कोठा, आजार हे सगळे पुढचे आहे आणि ते या दोन कृत्यांचा परिणाम म्हणून येते.

चित्रपटाने काय केले? कादंबरीत जिला जेमतेम जागा आहे त्या भावजयीला त्याने कपटी कारस्थानी करून सगळ्या घरात आग लावायला ठेवले. पार्वतीच्या आईला भर समारंभात नाचायला लावून तिचा अपमान करवला. सासरी कालीबाबूची योजना केली. प्रत्येक नव्या दुष्टाबरोबर देवदासचा दोष थोडा थोडा हलका होत गेला आणि अखेर तो सर्वांनी मिळून बळी दिलेला एक निष्पाप जीव ठरला. नेमक्या या ठिकाणी भावविवशता हा दुर्गुण होतो. अश्रू पुष्कळ असणे हा दुर्गुण नाही. ज्याने अपराध केला त्याच्यावर रडताना त्याचा अपराध विसरायला लावणे हा दुर्गुण आहे. शरच्चंद्र वाचकाजवळ देवदाससाठी करुणा मागतात ती तो दुबळा आणि दोषी होता हे पूर्ण ठाऊक असताना मागतात. निरपराध्यावर दया करायला औदार्य लागत नाही; दोषी माणसासाठी मन कळवळते तेव्हाच वाचकाच्या अंतःकरणाची खरी वाढ होते. ती वाढ चित्रपट होऊ देत नाही.

आपल्याकडे या दुबळेपणाला फार पूर्वी एक सडेतोड उत्तर दिले गेले आहे, आणि तेही चित्रपटानेच. ‘देवदास’च्या लाटेत प्रेमभंगाने स्वतःचा नाश करून घेणे हे तरुणांना काव्यमय वाटू लागले असता, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतर्फे व्ही. शांताराम यांनी १९३९ साली ‘माणूस’ काढला. त्यातला गणपत साधा पोलीस शिपाई आहे आणि मैना ही वेश्या. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी ती दोन माणसे गल्लीबोळांतून, चाळीतून, पोलीस चौकीतून उचलून आणल्यासारखी उभी केली. प्रेम निष्फळ ठरते, तरीही जगायचे असते, असे तो चित्रपट निक्षून सांगतो. शरच्चंद्रांशी मतभेद असावा तर असा असावा! शांतारामांनी देवदासच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून मान दिला आणि मग आपले वेगळे उत्तर मांडले. भन्साळींच्या चित्रपटात प्रश्नच उरत नाही. उरते ती मरणाची आरास.

या आरासीचा कळस शेवटी होतो. कादंबरीचा शेवट आठवावा. पार्वतीला दिलेले भेटीचे वचन पाळण्यासाठी देवदास झोपलेल्या नोकराला, धर्मदासाला, गाडीत सोडून पांडुआ स्टेशनवर उतरतो, बैलगाडी करतो, खराब रस्त्याने हाल सोशीत तिच्या सासरच्या गावी, हातीपोत्याला, पोहोचतो आणि जमीनदाराच्या घरासमोरच्या पिंपळाखाली मरून पडतो. त्याची जात कोणाला ठाऊक नाही, म्हणून गावातले कोणी प्रेताला शिवत नाही. चांडाळ ते उचलून नेतात आणि कोरड्या तळ्याकाठी अर्धवट जाळून टाकून देतात. पार्वतीला हे कळते तेव्हा सगळे उरकलेले असते. ती धावते, तिला धरून आणतात. मरणाऱ्याला अखेरचा स्पर्श नाही, प्रियेला अखेरचे दर्शन नाही, प्रेताला धड अग्नी नाही. ज्या जातिकुळाच्या अहंकारावरून लग्न मोडले, त्याच अहंकारापायी जमीनदाराच्या मुलाचे प्रेत बेवारशासारखे पडते. न्यायाचे हे वर्तुळ लेखकाने किती निष्ठुरपणे पूर्ण केले आहे! चित्रपट हे सर्व गाळतो. तिथे देवदास अजून जिवंत आहे, पार्वती पदर सावरीत लांबच लांब दालनांतून धावते आहे, आणि महाकाय दरवाजे तिच्यासमोर मिटत आहेत. दृश्य भव्य आहे, संगीत भव्य आहे. पण ज्याच्यासाठी शरच्चंद्रांनी ही कथा रचली तो प्रेताचा प्रश्न दरवाज्याबाहेरच राहिला.

उरला यशाचा पुरावा. लोक रडले, हे मान्य. परंतु अश्रू आले एवढ्यावरून ते कशासाठी आले याचा निर्णय होत नाही. पुरस्कार मिळाले, फिल्मफेअरने दहा दिले, हेही मान्य. पण राष्ट्रीय पुरस्कारांची यादी जरा बारकाईने पाहावी : लोकप्रिय व निकोप मनोरंजनाचा चित्रपट, श्रेया घोषाल यांचे पार्श्वगायन, नृत्यरचना, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा. पटकथेला नाही, दिग्दर्शनाला नाही, अभिनयाला नाही. परीक्षकांनी जे खरोखर उत्तम होते त्याची अचूक नोंद केली, आणि माझी संपूर्ण फिर्याद त्या नोंदीत आली आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की सामान्य माणूस आपले कष्ट विसरण्यासाठी चित्रपटगृहात येतो, त्याला वैभवच हवे असते, रूक्ष वास्तव हे मूठभर विद्वानांचे खूळ आहे. सामान्य माणसाविषयी इतका हीन समज बाळगणाऱ्यांनी रसिकतेची वकिली करू नये. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ ही मराठीतील सर्वांत भावविवश आणि सर्वांत लोकप्रिय कथांपैकी एक. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला. कोकणातले कर्जबाजारी घर, तगाद्याला आलेला सावकाराचा माणूस, अंगण, विहीर, ताप अंगावर काढून राबणारी वनमाला आणि माधव वझे हा लहानगा श्याम. एवढ्या सामग्रीवर उभ्या महाराष्ट्राचे डोळे भरून आले आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. त्या प्रेक्षकांत गिरणी कामगार होते, शेतकरी होते, आयाबाया होत्या. त्यांनी वैभव मागितले होते काय? आणि अत्र्यांनी त्या आईच्या अंगावर शालू चढवून तिचे घर चिरेबंदी वाड्यात हलवले असते, तर ती माता अधिक थोर झाली असती काय?

म्हणून पुन्हा एकदा स्पष्ट सांगतो. माझा आक्षेप अश्रूंवर नाही, लोकप्रियतेवर नाही, खर्चावरही नाही. मोगल दरबाराची कथा सांगणाऱ्याने दरबार उभारावाच. आक्षेप आहे तो ज्या दुःखाचे मूळ गरीब अंगणात, क्षुद्र मानापमानात आणि एका तरुणाच्या भित्रेपणात आहे, त्याला राजवैभवाची किंमत चढवून त्याचे मूळच खणून टाकण्यावर. आणि त्याहून अधिक, या खणून टाकण्याला कलेचे स्वातंत्र्य आणि भावनेची भव्यता ही नावे देणाऱ्या मतावर. कारुण्याला साक्षीदार लागतात, सजावट लागत नाही. उद्या जो कोणी एखादी लोकप्रिय कादंबरी घेऊन कोट्यवधी रुपये ओतील, त्याला आपण महाल किती मोठा बांधलात हे विचारू नये. या कथेत अपराध कोणाचा होता आणि तो तुम्ही कोठे ठेवलात, एवढेच विचारावे. ज्या वैभवाने अपराध्याचा अपराध झाकला आणि मृताची बेवारस चिता दृष्टीआड केली, ते कितीही नेत्रदीपक असो, शरच्चंद्रांच्या करुणेचा वारसा सांगण्याचा त्याला तिळमात्र अधिकार नाही.